विहाराच्या गल्लीपुढची भिंत

किकवीहून सकाळची एसटी धरून मी तालुक्याला यायचे. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. शहरातल्या रस्त्यांचा जुना कागदी नकाशा कॉम्प्युटरवर उतरवायचं काम एका ठेकेदारानं नगरपालिकेकडून घेतलं होतं. माणूस पासली गावचा, भाताच्या खाचरांतून वेळ काढून ठेकेदारी करणारा. त्याच्या खोलीत मी दिवसभर माऊस धरून बसायचे आणि स्कॅन केलेल्या नकाशावरच्या रेघा एकेक करून गिरवायचे. गावात लोक म्हणायचे, पोरगी कॉम्प्युटरवर आहे, लई मोठं काम करते. कसलं डोंबलाचं मोठं. दुपारपर्यंत बोटं आणि डोकं दोन्ही बधिर व्हायचं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं.

हातानं गिरवलेल्या रेघा एकमेकींना नीट टेकत नाहीत. कुठं केसभर, कुठं बोटभर फट राहते. ती प्रत्येक फट मूळ नकाशात बघून मग जुळवायची असते. शेवटच्या आठवड्यात मला त्याचा वीट आला. मी कॉम्प्युटरलाच सांगितलं, एवढ्या अंतरापर्यंतच्या सगळ्या फटी तूच बुजव, आणि अंतर जरा सढळ हातानं दिलं. मिनिटभरात शहरातले सगळे रस्ते जुळले. ठेकेदार खूश. नकाशाच्या सीड्या झाल्या, मोठे छापील कागद झाले, ते शाळांत, डेपोत आणि दवाखान्यात वाटले गेले.

त्यातली एक फट खरी होती. विहाराची गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळाली असती, तिथं आडवी भिंत होती. रस्त्याकडच्या बंगल्याच्या मालकांनी फार पूर्वी बांधलेली. ती माझ्या नकाशातून गेली.

महिन्याभरानं त्या गल्लीतल्या एक मावशी खोलीवर आल्या. त्यांच्या यजमानांचं एक अंग लुळं पडलेलं, आठवड्यातून एकदा दवाखान्यात न्यावं लागायचं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नुसता ओढा, त्यामुळे रिक्षा आत यायची नाही. चौघंजण त्यांना चादरीच्या झोळीत घालून ओढ्यातून पलीकडं न्यायचे. दवाखान्याच्या भिंतीवर नवा नकाशा लागला तेव्हा मावशींनी विहाराची खूण ओळखली, आणि तिथून बोट फिरवत फिरवत त्या मोठ्या रस्त्यावर पोचल्या. त्यांनी तेवढ्या भागाची झेरॉक्स मागून घेतली होती.

"हितं रस्ता दावलाय न्हवं, बाई?" त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "मग भिंत काढतील की आता. रिक्षा दारात येईल."

"नगरपालिकेतल्या साहेबांना विचारा, मावशी," एवढं बोलून मी पुन्हा माऊस धरला.

त्यांनी विचारलं. अर्ज केला. मग एका दुपारी जागेवर पाहणी झाली. साहेब, बंगल्याचे मालक, गल्लीतली पंधरा-वीस माणसं, ठेकेदार आणि मी. मावशींनी नवऱ्याला ओट्यावर आणून बसवलं होतं. त्यांची दाढी केली होती, अंगात इस्त्रीचा सदरा होता.

मूळ कागदी नकाशा उघडला, तर नेमका तिथंच घडीवर फाटलेला. आम्हीच हाताळून हाताळून फाडला होता, आणि त्याचा स्कॅन ठेकेदारानं काम संपल्यावर कॉम्प्युटरवरून पुसून टाकला होता. गल्ली रस्त्याला मिळते का अलीकडं थांबते, कुणाला सांगता येईना. बंगल्याचे मालक म्हणाले, वाट कधी नव्हतीच. एक म्हातारे म्हणाले, "आमच्या बापाच्या टायमाला बैलगाडी जायाची हितनं." शेवटी साहेब माझ्याकडं वळले.

"रेघ तुम्ही ओढली ना? कागदावर काय बघून ओढली?"

मला आठवत होतं. रेघ अलीकडं थांबत होती. पण आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. फाटलेल्या कागदाला कुणी काही विचारणार नव्हतं, छापलेला नकाशा मावशींच्या बाजूनं होता, आणि सगळं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मी म्हटलं, "चूक माझी आहे. गल्ली बंदच होती."

खरं बोलायची फार हौस होती अशातला भाग नाही. ऊन लागत होतं आणि मला साडेचारची गाडी गाठायची होती. मावशींनी झेरॉक्सची घडी घालून कमरेला खोचली आणि नवऱ्याला आत न्यायला चौघांना हाक मारली. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही, आणि आता त्याचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी ती रेघ मागं घेतली. नव्या सीड्या वाटल्या. पण भिंतीवर चिकटवलेले कागद कोण काढत बसतंय.

वर्षभरानं आईला ताप आला म्हणून त्याच दवाखान्यात नेलं. बाकावर मावशी बसल्या होत्या. पायाशी चादरीवर त्यांचे यजमान झोपलेले. मावशींचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. डोक्यावर भिंतीला माझा तोच पहिला नकाशा, त्यात गल्ली आरपार. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी ओळखलं होतं. त्या सरकल्या आणि आईला जागा करून दिली.

"कुठनं आलासा?"

"किकवीहून," आई म्हणाली.

"दारात गाडी येती व्हय तुमच्या?"

"येते की."

"मग बरं हाय," मावशी म्हणाल्या, आणि आईच्या पाठीला टेकायला आपली पिशवी नीट लावून दिली.