पिशवीतली शिट्टी

मावशींचे कान म्हणजे दृष्ट लागावी असे! त्या कामाला होत्या त्या कारखान्यात कनू बनायच्या, दोघांनी वल्हवायच्या हलक्या होड्या. मधे फोम, दोन्ही अंगांना रेझिनच्या चिकट रसायनात भिजवलेलं फायबरचं कापड, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची. पिशवीला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी हवा बारीक शिट्टी घालत आत शिरते, कापड फोमला धरत नाही, आणि अख्खी होडी भंगारात. ते भोक मावशी नुसत्या ऐकून शोधायच्या. चौदा वर्षांत त्यांची एकही होडी वाया गेली नव्हती.

आणि तिथंच घात झाला. रेझिनने मावशींचे हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हे काम सोडा, नाहीतर उद्या श्वासावर येईल." मावशींनी पॅकिंगचं काम मागितलं, तर मालक गोड हसले. "तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही, मावशी. तुम्हाला कसं हलवू?"

"मग एक होडी बिघडव," लेक म्हणाली. "हात जोडून पाठवतील पॅकिंगला."

झालं, ठरलं! मंगळवारी मावशींनी पिशवीची कड एका कोपऱ्यात मुद्दाम दाबलीच नाही. पंप सुरू केला आणि सरळ बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. रेझिन घट्ट व्हायला पाऊण तास. तेवढा वेळ बूड हलवलं नाही की सुटका.

पण मेली ती शिट्टी! दारातून बारीक, चिवट आवाज येतच राहिला. मावशींनी चहा घेतला, पदराने कान झाकले, 'उठू नकोस गं बाई' म्हणून स्वतःला दटावलं. विसाव्या मिनिटाला पाहतात तो काय, त्या होडीच्या टेबलाशी उभ्या आणि अंगठा त्या कोपऱ्यावर. शिट्टी थांबली. मावशींना स्वतःचाच असा संताप आला की रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी होडीवर ठिकठिकाणी टिचक्या मारून पाहिल्या. कुठेच पोकळ वाजेना.

"वा! पुढच्या महिन्यात आणखी दोन टेबलं टाकतोय, मावशी. तीही तुम्हीच सांभाळायची."

नाही म्हणायचं, आत्ताच म्हणायचं, असं ठरवून मावशींनी तोंड उघडलं.

"रस्त्याच्या बाजूला नका टाकू," त्या म्हणाल्या. "गाड्यांच्या आवाजात भोक ऐकू येत नाही."