ऑर्गनवाली व्हर्ना टेव्स

व्हर्ना टेव्स रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि एरवी अंडी निवडायच्या केंद्रावर कामाला जायची. कॅनडात, मॅनिटोबाच्या दक्षिणेकडचं आमचं गाव मेनोनाइट या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, देवभीरू. नाचगाण्याला तिथे थारा नव्हता. तरी १९७० च्या हिवाळ्यात आम्ही रॉक बँड काढला. गार्थ वीन्स गायचा, एल्मर ड्रम बडवायचा, गिटार माझ्याकडे. ऑर्गनला व्हर्नाशिवाय दुसरं होतंच कोण?

बँडचं नाव गार्थनं ठेवलं, ‘सायलेज’. म्हणजे गुरांचा मुरघास.

“नाव ऐकूनच लोक नाक धरतील,” व्हर्ना म्हणाली.

“धरू देत. कान तर मोकळे राहतात!”

आसपासच्या गावांत आम्ही नाचाच्या कार्यक्रमांना वाजवू लागलो. चर्चमधल्या जाणत्यांच्या कानावर ते गेलं आणि व्हर्नाला निरोप आला: बँड सोड, नाहीतर इथला ऑर्गन सोड. तिचे वडील याकोब चर्चमध्ये पुढे उभे राहून स्तोत्रं सुरू करून द्यायचे. घरी त्यांनी एवढंच विचारलं, “गाडीत कोण कोण असतं?”

“आम्ही चौघं आणि ऑर्गन, बाबा. ऑर्गनमुळे कुणाला कूस बदलायलाही जागा नसते.”

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. व्हर्नानं चर्चचा ऑर्गन सोडला.

१९७१ च्या वसंतात आम्ही विनिपेगला जाऊन एक रेकॉर्ड केली. पहिल्या बाजूचं गाणं गार्थनं कसंबसं पार पाडलं. फ्लूनं त्याचा घसा पार बसला होता. स्टुडिओ तेवढ्या दिवसापुरताच मिळालेला, म्हणून दुसऱ्या बाजूला व्हर्ना गायली. बर्फात अडकलेल्या गाडीत बसून राहिलेल्या बाईचं ते गाणं तिनंच रचलं होतं. त्याच वर्षी सरकारनं रेडिओवाल्यांना देशातली गाणी लावायला भाग पाडलं होतं. विनिपेगच्या एका निवेदकानं आमची रेकॉर्ड उलटी करून लावली, आणि त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडपासून केशकर्तनालयापर्यंत व्हर्नाचा आवाज ऐकू येऊ लागला.

हॉलमध्ये लोक ओरडायचे, “तिला गाऊ दे!” गार्थ खंजिरी घेऊन बाजूला उभा राहायचा. मग टोरोंटोच्या एका कंपनीचा फोन आला. व्हर्नानं आम्हाला गाडीतच सांगितलं.

“मला एकटीला बोलावलंय. मी जाणार आहे.”

“जा ना,” गार्थ म्हणाला. “आम्ही मुरघास तुडवत बसतो.”

“तुला बोलावलं असतं, तर तू आम्हाला विचारलं तरी असतंस का?”

गावी पोचल्यावर खंजिरी गाडीतच टाकून गार्थ उतरला.

टोरोंटोत कंपनीनं तिला तयार गाणी दिली, सगळी गोड गोड. टेव्स हे आडनाव लोकांना उच्चारता येत नाही म्हणून ‘व्हर्ना डे’ असं नाव लावायला सांगितलं. तिचा ऑर्गन दुसराच कुणीतरी वाजवत होता. पानगळ लागायच्या आत ती परत आली. मुळूमुळू रडत नाही, चांगली चिडून.

विनिपेग स्टेशनवर याकोबकाका तिला न्यायला आले होते. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, “टायरवाल्याकडे तुझं गाणं ऐकलं.”

“हं?”

“दुसऱ्या कडव्यात घाई करतेस. श्वास घे तिथे.”

हे मला व्हर्नानंच सांगितलं. सांगतानाही तिला खरं वाटत नव्हतं.

त्यानंतर आम्ही चौघांनी एकदाच वाजवलं, शेजारच्या गावी, कबूल केलेला कार्यक्रम होता म्हणून. गार्थही आला. याकोबकाका टोपी हातात धरून दाराशी उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. गार्थ नंतर वीज कंपनीत लागला, एल्मर बापाच्या शेतावर गेला. भांडण वगैरे काही झालं नाही. पुढच्या कार्यक्रमाचा विषयच कुणी काढला नाही.

व्हर्नानं शाळेची बस चालवली आणि त्याच शाळेत मुलांना गाणं शिकवलं. काही वर्षांनी चर्चनं तिला पुन्हा बोलावलं. तेव्हा ती म्हणाली, “येते. पण शनिवारी मी कुठे वाजवते, ते विचारायचं नाही.”

कुणी विचारलं नाही. शनिवारी ती लग्नांत वाजवायची, आणि बहुतेक वेळा मी सोबत असायचो.