ज्वालामुखीची ओटी

“मार्जिन ठेवा,” असं म्हणून काकू गाडीच्या बॉनेटवर तळहाताने दोन थापा मारायच्या आणि मगच ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या. एअरपोर्टला दोन तास आधी पोचायचं असेल, तर काकूंच्या घड्याळात ते साडेतीन तास व्हायचे. वीस जणांच्या कार्यक्रमाला पंचवीस जणांचे पोहे भिजायचे. जन्मभर पुलांची डिझाइन्स केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? “पूल पडला नाही की लोकांना वाटतं, एवढं मार्जिन उगाच ठेवलं,” त्या म्हणायच्या. “वाटू दे की. पडला तर काय वाटेल?”

अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये त्या आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायच्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः उपसायच्या आणि मग आमची बेल वाजवून माझ्या नवऱ्याला विचारायच्या, “उठलास का रे? फावडं देऊ?” मला बर्फावर गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी मुद्दाम घसरू द्यायला लावली. मी किंचाळले, तर शांतपणे म्हणाल्या, “किंचाळ हवं तेवढं, फक्त ब्रेकवर उभी राहू नकोस.”

अशी एखादी काकू तुमच्याही ओळखीत असेल. आपण खुशाल ठरवून टाकतो, की हिला कशाचंच काही वाटत नाही. मीही ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या मराठी मंडळातल्या पाच जणी हवाईच्या बिग आयलंडवर गेलो. बेत अर्थातच काकूंचा. विमानातून उतरल्यापासून दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल काळा, थिजलेला लाव्हा. आमच्यातली मेधा मूळची पुण्याची. ती म्हणाली, “काकू, हे तर सेम आपल्या सह्याद्रीसारखं दिसतंय!”

“सह्याद्रीही असाच झालाय गं,” काकू म्हणाल्या. “तिथे आपण जरा उशिरा पोचलो, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी स्नॉर्केलिंग होतं. काकू पायघोळ काळा स्विमसूट, त्यावर फुलाफुलांची टोपी आणि तोंडात ती श्वास घ्यायची नळी अशा थाटात कधीच्या पाण्यात उतरल्या होत्या. मेधा मात्र बोटीच्या शिडीला घट्ट धरून. काकूंनी नळी काढली आणि अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मेधा, पाणी आहे ते, सासू नाहीये. सोड तो दांडा!” मेधा हसली आणि हसता हसता पडलीच पाण्यात. पिवळ्याधमक माशांचा एक थवा तिच्या पोटाखालून गेला, त्याबद्दल ती अजून बोलते.

काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर कासवं पाहिली, लाव्हाच्या गुहेत हेल्मेट घालून वाकून चाललो, उंच डोंगरावर जाताना हवा विरळ होते म्हणून अर्ध्या वाटेत तासभर बसलो. पाटीवर अर्धा तास लिहिलं होतं. उरलेला अर्धा तास काकूंचा. एके ठिकाणी रस्त्याकडेला दोन बदकासारखे पक्षी दिसले. खाली पाटी होती, की हे इथले दुर्मीळ नेने, ह्यांना खायला घालू नका. काकूंना कोण आनंद झाला. “नेने! म्हणजे आपल्याआधी पोचलेच का इथेही?” मग त्यांनी त्या दोघांना हात जोडून, चिपळूणकडचे का, अशी चौकशीसुद्धा केली.

चौथ्या दिवशी ज्वालामुखी. विवराच्या काठावर बोचरा वारा होता, पाऊस भुरभुरत होता. लाव्हा त्या दिवशी दिसत नव्हता. खाली अवाढव्य काळं पटांगण आणि त्याच्या भेगांतून निघणारी पांढरी वाफ. बाकीच्या तिघी फोटो काढायला पुढे गेल्या. काकू मात्र कठड्यापाशी बाजूला झाल्या आणि त्यांनी पाठीवरची सॅक उतरवली.

सॅकमधून निघाला हिरव्या काठाचा जांभळा खण. मग नारळ. मग झिपलॉकच्या पिशवीत तांदूळ. आणि शेवटी औषधाच्या गोळ्यांची, आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी. सोमवारच्या कप्प्यात हळद, मंगळवारच्या कप्प्यात कुंकू.

मी बघतच राहिले. देवाधर्माच्या बाबतीत काकू तशा कोरड्याच.

“इथे देवी राहते म्हणतात,” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. “पेले. स्वभावाने तापट आहे, मनाला येईल तशी राहते. कोणाची बायको म्हणून तिला कोणी ओळखत नाही. म्हटलं, हिची भरावी. ही काही मला विचारायची नाही.”

“काय विचारायची नाही?”

काकूंनी नारळ उचलला. आणि मला एकदम माझंच घर दिसलं.

दर जानेवारीत हळदीकुंकू आमच्याकडे असतं. काका गेले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ती नऊही वर्षं काकू तासभर आधी आल्या होत्या, ॲप्रन बांधून किचनमध्ये उभ्या राहिल्या होत्या. मसाला दूध त्यांनीच आटवायचं, तीस बायकांच्या ओटीचं सामान तीस पिशव्यांत त्यांनीच भरायचं, वर पाच पिशव्या मार्जिन. आणि बाहेर आम्ही एकमेकींना कुंकू लावत असताना त्या आत भांडी विसळत असायच्या. त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं. या, असंही कोणी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना किचनच आवडतं. खोटं कशाला बोलू, तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

काकू नारळ घेऊन कठड्याकडे वळल्या, तेवढ्यात मागून हाक आली. पार्कच्या गणवेशातली एक बाई, पन्नाशीची, टोपीखालून जाड वेणी आलेली. “मॅम, प्लीज, इथे काही ठेवू नका.” बोलणं मऊ होतं. लोक काय काय ठेवून जातात, मग उंदीर येतात, तांदूळ नेन्यांच्या पोटात जातात, असं तिने समजावलं. मग म्हणाली, “माझी आजी इथलीच. ती म्हणायची, पेलेकडे येताना मान देऊन यावं आणि जाताना मागे काही सोडू नये.”

“ऑफ कोर्स. सॉरी,” काकू लगेच म्हणाल्या. नियम म्हणजे नियम. कासवापासून किती फूट लांब राहायचं तेही आम्हाला त्यांनीच मोजून दाखवलं होतं. त्यांनी नारळ सॅकमध्ये ठेवला, खणाची घडी घातली. ती घडी काही नीट बसेना. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मला माझी इतकी शरम वाटली की काय सांगू.

“काकू,” मी म्हटलं, “माझी भरा.”

“चल, वेडी. तुझा नवरा आहे, मुलं आहेत...”

“म्हणून काय झालं?”

“मी भरलेली चालेल तुला?”

सगळ्या जगाला दामटून पुढे नेणाऱ्या बाईने हे मला विचारावं! पदर तर नव्हताच, जीन्स आणि रेनकोट. मी रेनकोटाचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि उभी राहिले.

काकूंनी मंगळवारचा कप्पा उघडला. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग तांदूळ, नारळ, खण, सगळं क्रमाने आणि सावकाश. ती पार्कची बाई हातात टोपी धरून बाजूला उभी होती. मी चिमूटभर कुंकू घेतलं आणि काकूंच्या कपाळाकडे हात नेला. त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या, मग तिथेच थांबल्या. डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, “मधोमध लागलं का?”

“अगदी मधोमध, काकू.”

मग आम्ही तिघी खाली वाकून सांडलेले तांदूळ वेचत बसलो. दोन दाणे त्या पार्कच्या बाईला सापडले, ते तिने काकूंच्या तळहातावर ठेवले. संध्याकाळी मुक्कामी त्याच तांदळाची खिचडी झाली, वर ओलं खोबरं. पाच जणींत सात जणींची.

खण मी उन्हाळ्यात पुण्याला शिवायला नेला. निघायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. “टेलरला सांग, आत इंचभर कापड सोड म्हणून. तुझी जेवणाची पद्धत मी बघितलीय.”

पुढच्या जानेवारीत काकू नेहमीसारख्या तासभर आधी आल्या आणि नेहमीसारख्या किचनकडे वळल्या. मी त्यांच्या हातातून ॲप्रन काढून घेतला. पहिली ओटी त्यांनी भरली, पुढच्याही त्यांनीच. दोघीतिघी जरा घुटमळल्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहून, “पुढे या, रांग अडतेय,” एवढंच म्हटलं, आणि त्या आल्या.

मागच्या ऑक्टोबरात काकू गेल्या. सकाळी झाडाची पानं गोळा करत होत्या, दुपारी नव्हत्या. निघताना मात्र त्यांनी आमच्यासाठी काहीच मार्जिन ठेवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

यंदा हळदीकुंकवाच्या सकाळी ते जांभळं ब्लाउज काढलं. दंडात चढेना. काकूंचा अंदाज कधी चुकला होता! मी खिडकीपाशी बसले आणि कात्रीच्या टोकाने शिवण उसवली. बाहेरचा रंग धुऊन थोडा उतरला होता. आत दुमडलेलं इंचभर कापड त्या दिवशी सॅकमधून निघालं तसंच होतं, गडद जांभळं.

बायका यायला अजून तासभर होता. किचनमध्ये कोणी नव्हतं. मी सुईत दोरा ओवला आणि तो इंच वापरायला घेतला.