दिलीपचा लाकडी चाकांचा ट्रक

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांकडे सुट्या भागांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नच्या निवृत्त मराठी कंपूत दिलीपच्या ट्रकचे इतके झालेत, की आधी कुठला घडला याची मला खात्री नाही. तशी मला कशाचीच नसते!

*

शंभर वर्षांपूर्वी दूध पोचवणारा हा ट्रक दिलीपला एका शेतकऱ्याच्या कोठारात सापडला. मी दिलीपला बजावलं, "लोकांनी मोटारी जपल्या. ट्रक मात्र मोडेपर्यंत राबवले आणि भंगारात घातले. फार थोडे उरलेत."

"म्हणजे दुर्मीळ!"

"किंवा नकोसा." मेकॅनिकलमध्ये पीएचडी करूनही यातलं नेमकं काय, ते मला सांगता येईना.

दिलीपच्या बायकोनं, सुलभावहिनींनी निकाल दिला, "जुन्या गाड्यांच्या यंदाच्या शोमध्ये स्वतःच्या दमावर टेकडी चढला तर राहील. नाहीतर विकायचा. माझी गाडी गॅरेजबाहेर भिजतेय!"

*

दसऱ्याला वहिनी साबण घेऊन ट्रकचं दार घासायला निघाल्या. दारावर डेअरीचं पुसट नाव. मूळ रंग गेला, की संग्राहक ढुंकून बघत नाहीत! मी ओरडलो, "वहिनी, हात वर!"

"भाऊजी, पोलिसात कधी लागलात?"

मग त्यांनी बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचे पाच ठिपके काढले. ते काही निघेनात. ट्रक बघायला आलेल्या एका संग्राहकानं विचारलं, "हे कंपनीचं मार्किंग?"

दिलीप म्हणाला, "एकदम ओरिजिनल. कंपनी वेगळी!"

*

इंजिन पुढून हँडल फिरवून चालू करायचं. ते उलटा झटका देतं, म्हणून अंगठा कुठे ठेवायचा यावर मी दिलीपला लेक्चर दिलं.

"काय बे डॉक्टर, व्हायवा संपला?" म्हणत त्यानं हँडल मारलं. पहिल्याच फटक्यात चालू! मी तेव्हा गॅरेजमधल्या फ्रीजमागे लपलो होतो.

*

शोचा दिवस. परीक्षक टेकडीवर. चढायचा पहिला नंबर आमचा; ट्रकमध्ये दिलीप, वहिनी आणि मी. खाली चकचकीत मोटारींची रांग थांबलेली. ट्रक निम्म्या चढावर खोकला आणि बंद पडला. खाली हशा. एक जण टो करायचा पट्टा घेऊनच धावला.

"याला पेट्रोलचा पंप नाही," मी चाचरत म्हणालो. "टाकी सीटखाली. चढावर इंजिन टाकीच्या वर जातं, पेट्रोल पोचत नाही. रिव्हर्समध्ये नाक खाली राहील... कदाचित. मी चुकतही असेन."

दिलीपनं ट्रक घरंगळत खाली नेला, वळवला, चालू केला आणि रिव्हर्स टाकला. फटफटत, धूर सोडत, पाठीकडून ट्रक थेट माथ्यावर! मला शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनी उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मागे राहिलेल्यांची तोंडं बघत वर जायचं असेल, तर असाच ट्रक हवा!"