विजूची पँट आणि फ्लेक्सवरची साडी

दारव्ह्याच्या चौकात श्रद्धांजलीचा जो फ्लेक्स लागलाय, त्यातली बाई विजू नाही.

तोंड तिचं आहे. गळ्याखाली कुणीतरी दुसरीच आहे.

ज्यांना विजू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी मैत्रीण. आम्ही एकाच शाळेत, मी शिकवायला, ती ऑफिसात. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक, आखूड राहिला. मांडीवर हात दाबून चालायची, त्यामुळे डावा खांदाही खाली आलेला.

आज तिची तेरवी.

फ्लेक्सवर तिला हिरव्या काठाची साडी नेसवली आहे. दोन्ही खांदे अगदी सारखे. स्टुडिओवाल्याकडे अशा साड्या तयारच असतात, वर फक्त तोंड चिकटवायचं. हीच साडी, हाच हार, हेच खांदे मागच्या वर्षी मी कुणाच्या तरी आजीवर पाहिलेत.

त्यावर शाळेच्या ग्रुपवर नव्यानेच लागलेल्या एका सरांनी लिहिलं, "साडीत किती सोज्वळ दिसतात मॅडम."

अरे बाबा, तू तिला साडीत पाहिलंस कधी?

साडी तिने केव्हाच सोडली होती. गॅदरिंगला निऱ्या पायात आल्या आणि सगळ्या शाळेसमोर जिन्यावरून पडली. मी उचलायला धावले तर माझ्यावरच खेकसली, "हात नको देऊ. आधी त्या निऱ्या सोडव."

मग पँटचं मनावर घेतलं. रेडिमेड पँट एका पायाला बसायची, दुसऱ्या पायावर पोत्यासारखी लोंबायची. लेडीज टेलर म्हणाला, मापाला जुनी आणा. जुनी असती तर तुझ्याकडे कशाला आली असती? जेन्ट्स टेलर तर त्याहून शहाणा. "ताई, तुम्ही ढगळा पंजाबीच घालत जा ना. सगळं झाकते."

ते 'झाकते' तिला असं झोंबलं की त्याच महिन्यात तिने मशीन घेतली.

फोनवर व्हिडिओ बघून पेपर कटिंग शिकली. बाकीचे लोक एका पायाचा कागद काढतात, कापड दुहेरी घालतात आणि दोन्ही पाय एकदम कापतात. विजूला ते चालणार नव्हतं. तिने दोन पायांचे दोन वेगळे कागद काढले आणि कापड एकेरी अंथरून एकेक पाय कापला.

माप घ्यायला मी. डाव्या मांडीचं माप सांगताना माझा आवाज बारीक झाला.

"मोठ्यानं सांग. माहाच पाय हाय, चोरीचा नाही."

पहिली पँट जुन्या चादरीची. दोन पायांच्या मधे, आसनात काचली. दुसरी कमरेत फिरायला लागली. मी म्हटलं, विजू, जाऊ दे, चालते एवढं.

"कायले जाऊ देऊ? मी वाकडी असन, पँट कायले वाकडी बसन?"

उसवलं, कागद बदलला, परत शिवलं. शेवटी एक दिवस दोन्ही मोहऱ्या बुटावर सारख्या टेकल्या. कपाटाच्या आरशासमोर ती बराच वेळ उभी होती. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग कॉलरचा ब्लाऊज. डाव्या खांद्याचा कागद बोटभर खाली उतरवला, तेव्हा कुठे बटणपट्टी सरळ पडली. त्या ब्लाऊजवर ती शाळेत आली आणि पहिल्यांदा ओढणी न सावरता, मान वर करून बोलली. हे मी पाहिलंय. घरच्यांनी पाहिलं नसेल, कारण ते फक्त पँट बघत होते.

गेली त्या दिवशी तिला साडीच नेसवली. तिच्या वहिनीचा ब्लाऊज, सेफ्टी पिना मारून. मरणाच्या घरी भांडू नये म्हणून मी गप्प बसले.

दहाव्याला वहिनींनी तिचे सगळे कपडे पिशवीत कोंबले. "गरिबाले देऊन टाकतो."

मी म्हटलं, "द्या ना. फक्त डावा पाय बारीक अन् आखूड असलेली गरीब शोधा." पिशवी मी घेऊन आले.

आणि आज हा फ्लेक्स.

सकाळी सरळ घरी गेले. तिच्या भावाला, सुधाकरभाऊंना, मोबाईलमधला तिचा खरा फोटो दाखवला. म्हटलं, हा लावा. छपाई मी करून देते.

त्यांनी बघितला. मान वळवली.

वहिनी आतून बोलल्या, "निशाताई, तेरवीले सोयरे येऊन राह्यले. बाईमाणसाचा पँटीतला फोटो चौकात लावाचा काय? नाव ठेवतीन लोक."

आणि भाऊ काय म्हणाले? "साडीत पाय झाकल्या जाते ना. चांगलं दिसते."

सख्खा भाऊ. त्या टेलरचाच शब्द.

मी म्हटलं, "भाऊ, तिनं सारं आयुष्य हेच ऐकलं. आता तरी नका झाकू."

"घरचा मामला हाय. तुम्ही जेवून जा."

जेवले नाही. तुमचं गोडाचं जेवण तुम्हालाच लखलाभ.

सुधाकरभाऊ, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. वहिनींनाही दाखवा. चौक तुमचा असेल. ही वॉल माझी आहे.

खाली फोटो टाकलाय. शाळेच्या गेटपाशी काढलेला. शेवाळी पँट, पांढरा ब्लाऊज, दोन्ही तिने स्वतः कापलेले, स्वतः शिवलेले. डावा खांदा खाली आहे आणि बटणपट्टी सरळ आहे. मी जवळून काढायला गेले होते तर तिनेच मागे ढकललं.

"तोंडाचा नको. पुरी घेजो. पायासकट."

श्रद्धांजली वाहायची असेल तर हिला वाहा.

विजू, पायासकट टाकलाय गं.