सोबत बरी गावली

एसटीत चढवताना आईने माझा हात शेजारच्या वाडीतल्या भिकाजीकाकांच्या हातात दिला. म्हणाली, "सोबत बरी गावली हां, जा आता." झालं, एवढ्यावर मी मुंबईला निघाले. आपल्या मालवणी मुलखात मुलगी एकटी जात नाही. कोणी ना कोणी निघालेलं असतंच, त्याच्यासोबत धाडायची. इथे मुंबईत आलेल्या तुम्ही बऱ्याचजणी अशाच आलात आणि गावी राहिलेल्यांनी पोरी अशाच धाडल्यात.

परळच्या डेपोत मामाला यायला उशीर झाला. काकांना वरळीला जायचं होतं, पण ते जागचे हलेनात. मला चहा पाजला, स्वतः मात्र रस्त्याकडे डोळे लावून बसले. मामा दिसताच म्हणाले, "तुमचा चेडू सांभाळा, मी सुटलंय." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. मी काय ओझं होते?

आता त्याच परळमध्ये, टॉवरमागच्या चाळीत राहते आणि एका संस्थेतर्फे आईबापांशी बोलत फिरते. हळदीकुंकवाला बायका जमल्या की तिथे, रविवारी विहारात जमल्या की तिथे. नोकरीचं, प्रेमाचं आमिष दाखवून कोवळ्या पोरी नेतात आणि धंद्याला लावतात, हे वाण हातात धरून सांगताना जीभ जड होते. "आमच्यात असलं नाही हो ताई," म्हणतात. डोकंच फिरतं माझं.

आणि मग दादाचा, माझ्या सख्ख्या भावाचा फोन आला. त्याची सानिका नुकतीच दहावी झाली. इन्स्टाग्रामवर तिला कोणी ताई भेटली होती, मुंबईत पार्लरमध्ये काम देणारी. आपली मालवणी बोलते, स्वतः येऊन पोरीला नेणार. वहिनीने बॅगही भरली होती. मी नको म्हटलं तर दादा म्हणाला, "तू नाय गेलंस सोबतीन? तुका काय झाला?"

मी फोन ठेवला. पोळ्या लाटताना भिकाजीकाका आठवले. त्यांना मला मामाच्या ताब्यात देऊन मोकळं व्हायचं होतं. खरी सोबत अशीच, पोरीला घ्यायला कोणी आलं की तिला बरंच वाटतं. लगेच दादाला फोन लावला. म्हटलं, त्या ताईला एवढंच सांग, आत्या दादरला उतरवून घ्यायला येते.

ताईचं उत्तर आलं, नातेवाईक नकोत, पोरगी बावरते, पत्ता मागाहून कळवते. दादाने मला ते वाचून दाखवलं आणि वहिनीला बॅग रिकामी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिचा नंबर बंद.

सानिका घरीच राहिली. तिला मारू नका, मोबाईल हिसकावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही, असं मी दादाला बजावलंय. माझ्याशी ती बोलत नाही. "माझं करिअर घालवलंस आत्या," हे तिचं शेवटचं वाक्य. जिवाला लागलं. पण खरं तर मला झोप लागत नाही ती त्या नंबरामुळे. तो बंद झाला, बाई थोडीच बंद झाली? आता कुठल्या वाडीत बॅग भरली जात असेल?

गाव सुटलं तेव्हा घर मागे राहिलं असं वाटायचं. आता वाटतं, उतरल्यावर आपल्याला ताब्यात घ्यायला जिथे कोणी उभं असतं, तिथे घर. तुमची पोरगी मुंबईला निघाली तर आधी मला कळवा. ओळख नसली तरी चालेल. डेपोत मी उभी राहीन.