सीएनजीच्या रांगेत आत्या

मी गाडी चालवायला शिकले ती पंचेचाळिशी उलटल्यावर. उशिरा शिकलेल्या माणसाला जे होतं तेच मलाही झालं. थोड्याच दिवसांत मला गाडीतलं सगळं कळायला लागलं. ऑफिसातल्या मैत्रिणीची वापरलेली सीएनजीची गाडी घेतली, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ती लावायला जागा मिळाली, आणि मी शेजाऱ्यांना न विचारता सल्ले द्यायला सुरुवात केली. मुख्य सल्ला एकच, पेट्रोलच्या नादी लागू नका, गॅस भरा आणि फिरा. माझ्या गाडीतला पेट्रोलचा काटा कायम तळाला टेकलेला असायचा आणि तो मी लोकांना कौतुकाने दाखवायचे.

मग गाडी सकाळी उठेनाशी झाली. चावी फिरवली की इंजिन नुसतं घुरघुरायचं, पेट घ्यायचं नाही. बऱ्याच विनवण्यांनंतर उपकार केल्यासारखी सुरू व्हायची. नवरा म्हणाला, गॅरेजला दाखव. मी म्हटलं, आधी मला बघू दे. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी बॅटरीवर संशय घेतला आणि नवी बसवली. एक-दोन दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटली, म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. मग स्पार्क प्लग. ते मी स्वतःच्या हाताने बदलले, आणि हाताला लागलेलं काळं न धुता लिफ्टमध्ये जरा जास्तच वेळ उभी राहिले. गाडी होती तशीच. शेवटी मी उपचार सोडून पथ्यावर आले. सुरू करताना एसी बंद, रेडिओ बंद, आणि गाडीत कुणी बोलायचं नाही. घरचे गप्प बसायचे. त्यांना वाद नको होता.

अशात वाकोल्याला चुलतभावाच्या नातीचं नामकरण निघालं. घाटकोपरहून आत्याला घेऊन जायची जबाबदारी मी आपणहून घेतली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सत्तरीची, महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. रेशमी साडी नेसून ती ऐटीत मागच्या सीटवर बसली. पुढे पट्टा लावला की साडी चुरगळते, असं तिचं म्हणणं.

वाटेत गॅस भरायला पंपावर थांबलो. रांग लांब होती आणि मला घाम फुटला, कारण रांगेत गाडी बंद करायची, पुढची सरकली की चालू करायची, परत बंद. इतर वेळी हे काहीच नाही. मला प्रत्येक वेळी परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. पहिल्या दोन वेळा कसंबसं निभावलं. तिसऱ्या वेळी गाडीने मान टाकली. मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षा बाजूने येऊन आमच्या पुढे घुसली. मी आत्याला गप्प राहायला सांगितलं आणि पुन्हा चावी फिरवली.

काचा बंद असलेल्या गाडीतल्या त्या शांततेत आत्या म्हणाली, "माझ्या सीटखाली कुणीतरी कण्हतंय गं."

मी म्हटलं, तुझा मोबाइल असेल. तिने पर्समधून मोबाइल काढून दाखवला, तो बंद होता. मी जरा वैतागूनच सांगितलं की तिथे खाली पेट्रोलची टाकी आहे, टाकीत पंप आहे, त्याचा आवाज असेल. आपला गॅसशी संबंध, पेट्रोलशी नाही. तिने विचारलं, मग पेट्रोलचा पंप चालतोय कशाला? मी शिकवायच्या सुरात सांगायला लागले की अगं, ही गाडी सुरू होते पेट्रोलवर, आणि गरम झाली की आपोआप गॅसवर जाते.

एवढं बोलून मी थांबले. ते वाक्य मी कितीतरी लोकांना ऐकवलं होतं. स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते.

"पेट्रोल कधी भरलं होतंस?" आत्याने विचारलं.

मी म्हटलं, गाडी घेतली तेव्हा टाकीत जे होतं, तेच आहे.

आत्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण शाळेत आयुष्य गेलेलं असल्यामुळे पोर कुठे चुकलंय हे तिला चेहऱ्यावरून कळतं. ती दार उघडून खाली उतरली. त्याच पंपावर पलीकडे पेट्रोलची मशीन होती. तिने मागच्या दोन रिक्षावाल्यांना, ज्यांचे हॉर्न सगळ्यात मोठे होते, ढकलायला बोलावलं, आणि पदर खोचून स्वतःही डिकीला हात लावला. मी आत स्टिअरिंग धरून बसले होते आणि आरशात सत्तरीची आत्या माझी गाडी ढकलताना दिसत होती. इतकं लहान मला शाळेतही कधी वाटलं नव्हतं. पंपावरच्या माणसाने किती भरायचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याने सांगून टाकलं, टाकी फुल कर.

गाडी लगेच सुरू झाली नाही. दोन-चार वेळा खोकली, मग चालू झाली. वाकोल्याला पोहोचलो तेव्हा बुद्धवंदना होऊन बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि पंगत बसली होती. सगळ्यांना जयभीम घालता घालताच आत्याने उशिराचं कारण सांगायला सुरुवात केली. "आमची पोर गाडी झकास चालवते," ती म्हणाली, "फक्त कुणीतरी ढकलायला लागतं." मी वाढायला उठले. वाढताना मान खाली घालता येते.

दुसऱ्या दिवशी मी निमूट गॅरेजला गेले. कोरड्या टाकीत फिरून फिरून पंप जळत आला होता, तो बदलला. गॅरेजवाल्याने नुसतं बिल हातात ठेवलं. बोलायचं ते नवऱ्याने घरी बोलून घेतलं.

आता गाडी चावी फिरवताच सुरू होते. इतक्या गुपचूप सुरू होते की मला पत्ता लागत नाही. परवा चालू गाडीचीच चावी मी पुन्हा फिरवली, आणि आतून असा करकचून आवाज आला की गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.